माजघरातली साक्ष

संक्रांत ते रथसप्तमी या काळात विट्यासारख्या गावात दुपारी चारनंतर रस्त्यांवर स्त्रियांची वर्दळ वाढते. एका घरून दुसऱ्या घरी, तेथून तिसऱ्या घरी. हातावर तीळगूळ पडतो, पदरात वाण येते आणि त्याबरोबर बातमीही येते. खानापूर तालुक्यातील अनेक घरांतले पुरुष सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी पिढ्यानपिढ्या परमुलखात जात आले आहेत. त्यामुळे कोणाचा मुलगा कोणत्या शहरात स्थिरावला, कोणाचे दुकान उठले, कोणाची सोयरीक कोठे जमली, याचा हिशेब गावात राहिलेल्या स्त्रियांच्या तोंडी असतो. हेच विषय पारावर किंवा चहाच्या टपरीवर निघाले, तर त्याला 'चर्चा' म्हणण्याची रीत आहे. हळदीकुंकवात निघाले, की त्या 'बायकांच्या गप्पा' होतात.

नावातला हा भेद आजचा नाही. विट्याचा परिसर १९४९ सालापर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्यानंतर 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ज्या साताऱ्याशी हा मुलूख जोडलेला होता, तेथे आणि पुढे पुणे-पुरंदरावर अठराव्या शतकात काही प्रसंग असे आले, की माजघरातल्या या कुजबुजीवर राजगादीचा निकाल लागायची वेळ आली. त्या वेळी तिला कोणी गप्पा म्हटले नाही.

त्याच शतकात लंडनमध्ये स्त्रियांची मंडळे आकाराला येत होती. १७५०च्या सुमारास एलिझाबेथ माँटेग्यू यांच्या दिवाणखान्यात पत्त्यांच्या डावाऐवजी ग्रंथांवर बोलणे सुरू झाले आणि या मंडळाला 'ब्लूस्टॉकिंग' असे काहीसे थट्टेचे नाव पडले. १७७० मध्ये आल्मॅक यांच्या वास्तूत स्त्री-पुरुषांचा एक क्लब निघाला. १७८० मध्ये 'ला बेल असाँब्ले' नावाची केवळ स्त्रियांनी बोलायची वादसभा भरू लागली. पुरुषांची कॉफीगृहे मात्र त्याआधी शंभर वर्षांपासून गजबजलेली होती. तेथे जे बोलले जाई, त्यातून वर्तमानपत्रे निपजली. स्त्रियांच्या चहाच्या टेबलावर जे बोलले जाई, त्यातून व्यंगचित्रे निपजली.

मराठी मुलखात वर्गणी आणि नियमावली असलेले असे मंडळ नव्हते. पण ठरलेला दिवस, रीतसर बोलावणे, बसण्याचा क्रम आणि आल्यागेल्याची मनातल्या मनात ठेवलेली नोंद, एवढे सगळे होतेच. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, नागपंचमीचे झोके, सातारा-सांगलीकडे 'हदगा' म्हणून ओळखला जाणारा भोंडला, बाळंतिणीच्या घरची पाचवी आणि बारसे: सुनेला उंबरठा ओलांडायला देवाधर्माचे निमित्त लागे, आणि ही निमित्ते वर्षभर पुरतील अशी पेरलेली होती. पूजा घटकाभराची, बसणे दुपारभराचे. हदग्याच्या गाण्यांत सासू-नणंदेचा जो काही उद्धार होतो, तो देवापुढे होत असल्यामुळे खपून जातो, ही सोय कोणी चतुर सुनेनेच काढली असावी.

या बैठकींना गोड रंग देण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. त्या जातीजातींत बांधलेल्या होत्या. पाणवठेसुद्धा वेगळे होते, मग माजघराची गोष्ट कशाला? आणि ज्या समारंभाचे नावच हळदीकुंकू, त्यात विधवेला जागा नव्हती. बातमी जेथे वाटली जाई, तेथून तिला उठवले जाई, आणि ती स्वतः मात्र बातमीचा विषय म्हणून तेथे हजर असे.

इंग्रजीतला 'गॉसिप' हा शब्द पाहिला तर गंमत वाटते. त्याचे मूळ 'गॉडसिब' या जुन्या शब्दात आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारा आप्त, असा त्याचा अर्थ होता. पुढे बाळंतपणाच्या वेळी जमणाऱ्या शेजारणी-मैत्रिणींना हा शब्द लागू झाला. दार बंद करून या स्त्रिया आत बसत. आत काय घडले, मूल जिवंत जन्मले की नाही, आई वेणांमध्ये कोणाचे नाव घेऊन ओरडली, हे फक्त त्यांनाच ठाऊक असे. बाहेर थांबलेल्या पुरुषांना त्या बंद दाराचा अस्वस्थपणा वाटला असणार. शब्दाचा अर्थ हळूहळू 'चकाट्या पिटणारी' असा झाला. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या इंग्रजी कोशात हे तिन्ही पदर दिसतात. मुलाची हमी घेणारा आप्त हा एक अर्थ, पेल्याचा सोबती हा दुसरा आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांप्रमाणे इकडचे तिकडे सांगत फिरणारी व्यक्ती हा तिसरा. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवीचे पूजन करून स्त्रिया जागरण करतात. सटवी बाळाच्या कपाळावर काय लिहिते ते कोणाला दिसत नाही, पण रात्रभर जागणाऱ्या स्त्रियांना बाळाविषयी बाकी सगळे कळलेले असते. बाळंतिणीच्या खोलीतले हे ज्ञान म्हणजे त्या काळातला एकमेव जन्मदाखला होता.

जॉन्सनचा कोश निघण्याच्या सहा वर्षे आधी, १७४९ मध्ये, साताऱ्यात शाहू महाराज अंथरुणाला खिळले होते. पोटी वारस नव्हता. ताराबाईंनी सांगितले, की आपला नातू जिवंत आहे. कोल्हापूरच्या बाजूकडून जिवाला धोका म्हणून त्याला जन्मतःच लपवले होते. हाच रामराजा. राणी सकवारबाईंना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते हा मुलगा बनावट होता आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना गादी मिळावी, असा त्यांचा प्रयत्न होता.

पुढे काय झाले ते जेम्स ग्रँट डफने नोंदवले आहे. डफ १८१८ पासून साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या हालचालींवर संशय येऊ नये म्हणून सकवारबाई बोलून दाखवत, की महाराजांचे बरेवाईट झाले तर आपण सती जाणार. पेशव्यांनी हे बोलणे खरे मानल्याचे दाखवले आणि ते गावभर होईल अशी व्यवस्था केली. मग माघार घेणे म्हणजे माहेरच्या घराण्याला बट्टा. डिसेंबर १७४९ मध्ये शाहूंचे निधन झाले आणि सकवारबाई चितेवर चढल्या. येथे अफवा पसरवणारे कोण होते, याकडे लक्ष द्यावे. राणीवशातले एक वाक्य बाहेर नेऊन त्याचे हत्यार केले ते मुत्सद्द्यांनी, आणि त्या कौशल्याला राजकारण असे नाव मिळाले.

रामराजाच्या बाबतीत तर सारा पुरावाच माजघरातला होता. राजवाड्याबाहेर वाढलेल्या तरुणाला छत्रपती म्हणून स्वीकारायचे, तर तो खरोखर त्या सुनेच्या पोटचा आहे, हे सांगणार कोण? डफ लिहितो, की जमलेल्या फौजेसमोर ताराबाईंना त्याच्याबरोबर जेवायला बसवले आणि ताटातल्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे वदवून घेतले. एका आजीच्या शब्दावर जानेवारी १७५० मध्ये राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी चंपाषष्ठीला ताराबाईंनी रामराजाला किल्ल्यावर बोलावले आणि कैद केले. त्यानंतर, डफच्या म्हणण्यानुसार, तो आपला नातू नसून गोंधळ्याच्या घरचा असल्याचे त्या सांगू लागल्या. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे त्यांनी तसे शपथेवर म्हटलेही. एकाच तोंडच्या दोन शपथा. पहिली राज्याला सोयीची होती, तिला साक्ष मानले गेले. दुसरी गैरसोयीची होती. तिला म्हाताऱ्या बाईचा कावा मानून पुढे जाण्यात आले. रामराजा १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत छत्रपतीच राहिला.

हीच कथा चोवीस वर्षांनी पुरंदरावर वेगळ्या रूपात आली, आणि या वेळी तर प्रश्न थेट बाळंतिणीच्या खोलीचाच होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गर्भवती होती. मुलगा झाला तर रघुनाथरावांचा पेशवेपदावरचा हक्क संपणार, मुलगी झाली तर टिकणार. बारभाईंनी जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलवले. सोबत कोण पाठवले? पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. पार्वतीबाईंबद्दल सर्वत्र आदर होता. त्या खोलीत असल्या की बाहेर बोलणाऱ्यांना आवर बसेल, हा हिशेब.

तो पुरता बसला नाही. गंगाबाईंबरोबर ब्राह्मण कुटुंबांतल्या काही गर्भवती स्त्रियाही गडावर नेल्या आहेत, मुलगी झालीच तर बाळ बदलून घेण्यासाठी, अशी वदंता उठली आणि ती डफच्या ग्रंथापर्यंत जाऊन पोचली. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. हेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पण मूल खरे की नाही, ही कुजबूज थांबली नाही, कारण ती थांबू नये यात रघुनाथरावांच्या पक्षाचे हित होते. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला तो आपणच खरे पेशवे या भूमिकेवरून. इंग्रज अधिकाऱ्यांनाही मग पुण्याच्या या बाळाच्या जन्माबद्दल चौकशी करणे भाग पडले. एका किल्ल्यावरच्या बंद खोलीत सुईण आणि चार बायकांना जे ठाऊक होते, त्यावर कलकत्ता आणि मुंबई यांचा खल चालला होता. गंगाबाई पुढे १७७७ मध्ये वारल्या. त्यांच्या मृत्यूविषयीही डफने एक प्रवाद टिपून ठेवला आहे. त्याला आधार ऐकीव गोष्टीपलीकडे नाही, आणि तो येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही.

पार्वतीबाईंची स्वतःची कहाणी याहून विलक्षण आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी संशयाला जागा राहिली होती. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. कुंकू पुसले नाही. पेशव्यांच्या घरात एकवीस-बावीस वर्षे एक स्त्री सवाष्ण म्हणून वावरत होती आणि ती खरी सवाष्ण आहे की नाही, हे तिच्याखेरीज कोणी ठरवू शकत नव्हते. हळदीकुंकवाच्या रांगेत तिला कुंकू लावायचे की नाही, हा प्रश्न वरवर घरगुती आहे. पण कुंकू लावले की भाऊसाहेब जिवंत असल्याचे मान्य केल्यासारखे होते.

त्याच संदिग्धतेतून तोतया उभा राहिला. आपणच भाऊसाहेब, असे सांगणाऱ्या या इसमाला आधी पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले होते. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात हजारो माणसे त्याच्याभोवती जमली आणि काही महिने पुण्याचे सरकार हादरले. शेवटी पकडून पुण्यात चौकशी झाली, भाऊंना ओळखणाऱ्यांच्या जबान्या झाल्या आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हा प्रसंग मराठी प्रेक्षकांना परिचित झाला. तोतयामागे जाणाऱ्यांत शिपाई होते, सरदार होते, किल्लेदारही होते. एवढी मोठी वावडी उठवली आणि वाढवली ती पुरुषांनी, तीही छावण्यांत आणि चावड्यांवर. तरीही अफवेचे चित्र काढायचे झाले की आजही चित्रकार डोक्यावर पदर घेतलेल्या दोन बायका काढतो.

याचे एक कारण कागदात आहे. अठराव्या शतकातल्या दरबारांत वकील नेमलेले असत. कोण कोणाच्या वाड्यावर गेले, कोणाचा कोणावर रोष आहे, कोणाची प्रकृती बिघडली, कोणत्या राणीचे काय चालले आहे, हे ते आपल्या धन्याला कळवत. पुष्कळदा ती माहिती नोकरचाकरांकडून, म्हणजे माजघराच्याच वाटेने आलेली असे. पण ती शाईने लिहून, मायना घालून, लखोट्यातून गेली की तिचे 'वर्तमान' होई. पानिपतचा निकाल नानासाहेबांना पहिल्यांदा समजला तो एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुप्या-तांब्याची गणती नाही, अशा व्यापारी सांकेतिक भाषेत ते होते. त्या दोन मोत्यांपैकी एक म्हणजे पार्वतीबाईंचा नवरा. सावकाराचे कोडे इतिहास झाले आणि पत्नीचा अविश्वास वेडी आशा ठरला. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. अठराव्या शतकाचे राजकारण ज्या कागदांच्या आधारे मांडले जाते, त्यांत या खंडांचे स्थान मोठे आहे, आणि ज्याला कडक भाषेत चहाड्या म्हणता येतील असा मजकूरही त्यांत विपुल आहे.

ऐकीव गोष्टींची किंमत राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. विट्याच्याच तालुक्यातल्या बाणूरगडावर शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी असल्याचे परंपरेने मानले जाते. हेराचे काम म्हणजे तरी काय? बाजारात, पाणवठ्यावर, जत्रेत कान उघडे ठेवणे.

'ध चा मा'ची गोष्ट या सगळ्यात सर्वांत जास्त चालली. नारायणरावांना 'धरावे' या आज्ञेतले अक्षर बदलून आनंदीबाईंनी 'मारावे' केले, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. डफने हे लिहिताना आनंदीबाईंनी बदल केल्याचा सर्वसाधारण समज आहे, असेच म्हटले आहे. तो मूळ कागद अभ्यासकांपुढे कधी आलेला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी ज्याला दोषी मानले, तो रघुनाथराव. गारद्यांना फितवणारे पुरुष, तलवारी चालवणारे पुरुष. पण वाक्प्रचार उरला तो एका बाईच्या एका अक्षराचा. बायका कारस्थान करतात या प्रवादाचा हा सर्वांत यशस्वी नमुना असावा, आणि तो स्वतःच एक ऐकीव गोष्ट आहे.

या काळातल्या मोठ्या घरच्या स्त्रियांची पत्रे थोडीफार उरली. वाईच्या रास्ते घराण्यातल्या गोपिकाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिककडून नातवाला, सवाई माधवरावांना, वागण्याबोलण्याचे उपदेश लिहून पाठवले; ते वाचता येतात. विट्यासारख्या गावातल्या कुणबिणीचे, कोष्टिणीचे, साळिणीचे बोलणे मात्र कागदावर आलेच नाही. ते आले जात्यावर. पहाटे दोघी जात्याशी बसल्या, की पिठाबरोबर ओव्या पडत, आणि भावाच्या कौतुकापासून सवतीच्या जाचापर्यंत सगळे त्यांत येई. मोठ्याने, पण घरघरीच्या आडोशाला. माजघरात झोपलेल्या सासूला ऐकू जाईल आणि तरी तिला दोष देता येणार नाही, असे हे बोलणे होते. सांगली जिल्ह्यातल्याच बागणी गावच्या डॉ. सरोजिनी बाबर (१९२० ते २००८) यांनी हे धन गोळा करण्यात आयुष्य घातले आणि राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत ते ग्रंथरूपात आणले. त्यानंतर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या गाणाऱ्या स्त्रियांची संख्या तीन हजारांवर आहे, आणि येथे प्रत्येक ओवीशेजारी गाणारणीचे नाव व गाव लिहिलेले असते. ज्या बोलण्याला कधी कर्ता नव्हता, त्याला तो मिळाला.

जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या. नळ आले आणि आडावरची गर्दी संपली. हळदीकुंकू टिकले. बचत गट आणि भिशीची बैठक त्याला येऊन मिळाली, आणि परराज्यात गलाईसाठी गेलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले. पार्वतीबाईंपुढचा प्रश्न मात्र बराच काळ तसाच होता: ज्या समारंभात कपाळावरच्या कुंकवाने जागा मिळते, तेथे ते नसलेल्या स्त्रीने कोठे बसायचे? १७८३ मध्ये पार्वतीबाई वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरच भाऊसाहेबांचेही उत्तरकार्य करण्यात आले. त्या जिवंत असेपर्यंत ते कोणी केले नव्हते. मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे अनुकरणासाठी ठेवला. त्यानंतर अनेक गावांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे सगळ्यांना जाऊ लागले आहे. कोण आले, कोण आले नाही आणि कोणी कोणाला कुंकू लावले, याची चर्चा अर्थातच दुसऱ्या दिवशी गावभर असते.